सहा विड्यांचं पान

निपाणी
१६ एप्रिल २०२४

प्रिय दर्शनी,

हे पत्र घरात एकटी असशील तेव्हा वाच. महादेव भावजींना आणि स्वरूपला दाखवू नको.

गेल्या महिन्यात मी तुला पुस्तक पाठवलं नाही, पत्रही नाही. तुझा फोन आला तर डोकं दुखतंय म्हणून ठेवून दिला. चिकोडीच्या हॉस्टेलातून बाहेर पडल्यापासून चोवीस वर्षं आपण दोघी महिन्याला एक पुस्तक निपाणी-बेळगाव बसच्या कंडक्टरकडे देतो, आत पत्र घालून. दीपंकरशी माझं लग्न झालं त्या महिन्यातसुद्धा ते चुकलं नव्हतं. तुला राग आला असणार. कारण सांगते. कागदावरच सांगते, फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू येईल, आणि भिंतीपलीकडे आई असते.

दर्शनी, मला वाचता येईनासं झालंय.

डोळ्यांना दिसतं. भिंतीवरची मुंगी दिसते. पण अक्षर कळत नाही. एकोणीस मार्चला सकाळी पेपर उघडला तर सगळी अनोळखी नक्षी. आपल्याकडं दोन लिप्या रोज डोळ्यांखालून जातात, त्यामुळे तिसरी आली तर चुकून आली असंच वाटणार ना? मी दारातून ओरडले, "भरमू, हा कुठला पेपर टाकलास? तेलुगू हाय काय?" तो गाडी वळवून आला. पेपर बघितला, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "बाई, रोजचाच हाय की. चष्मा कुठं ठेवलाय?" मी हसले. आत येऊन चष्मा लावला आणि परत बघितलं. मग रस्त्यावर जाऊन बसची पाटी बघितली. कन्नडही गेलं होतं.

त्या दिवशी डोकं फार दुखत होतं. दीपंकरनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बी.पी. वाढलंय. हात वर करायला लावले, चालायला लावलं, नाव लिहून दाखवा म्हणाले. मी लिहिलं. वाचून दाखवा असं कुणी म्हटलं नाही, आणि मीही बोलले नाही. तिथंच बोलायला हवं होतं. आता महिना झाला, आता कुठल्या तोंडानं सांगू?

लिहिता येतं, ही त्यातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट आहे. वाण्याची यादी झरझर लिहिली, दुकानात गेले, यादी उघडली, आणि माझंच अक्षर मला ओळखेना. हे पत्र असंच लिहितेय. ओळ संपली की ती माझ्या हातून गेली. उजवीकडचं अर्धं जगही पुसट झालंय, दाराच्या चौकटीला खांदा लागतो. दीपंकर म्हणतो, धांदरट झालीस.

शाळा एकतीस मेला उघडते. पहिलीचा वर्ग माझा. ज्या बाईला 'घर' वाचता येत नाही, ती पोरांना काय शिकवणार?

एक वाट सापडलीय. अक्षरावरून बोट फिरवलं, पोरं गिरवतात तसं, तर हाताला कळतं. डोळा म्हणतो माहीत नाही, हात म्हणतो हा 'क' आहे. एका ओळीला पाव तास लागतो. म्हणून तू मला लिही, पण मोठ्या अक्षरात, दाबून, थोडकं. जोडाक्षर नको. पहिलीच्या पुस्तकात असतं तसं लिही.

आणि कुणाला सांगू नको.

तुझी
समता


पिरनवाडी
२०-४-२०२४

समता,

तुझं लिखाण मिळालं. मी लगेच वाचलं. परत वाचलं. घाबरले.

मी कुणालाच काही सांगणार नाही. पण तू मोठा दवाखाना गाठ. उशीर नको. चालताना उजवीकडे बघ. बोट दमलं की थांब.

मला वाचनाची गोडी तू लावलीस. ते मी विसरले नाही.

मी पण भिते आहे. पण आपण दोघी आहोत.

द.


निपाणी
२८ एप्रिल २०२४

प्रिय दर्शनी,

तुझं पत्र दोन दुपारी पुरलं. आई झोपली की खिडकीत बसायचं आणि बोट फिरवायचं. 'आपण दोघी आहोत' पाशी पोचले तेव्हा बोटाचं टोक सुन्न झालं होतं. एकही जोडाक्षर घातलं नाहीस. मी हसले. महिन्याभरानं हसले.

दवाखान्याचं नंतर बघू. आज एक फार वाईट गोष्ट केली, ती आधी सांगते.

तुला जयाबाईंच्या घराचा पुढचा सोपा ठाऊक आहे. तू एकदा बसलीही होतीस तिथं, तंबाखूनं शिंकून बेजार झाली होतीस. नऊ वर्षांची असल्यापासून मी तिथं दर रविवारी वाचते. आई, जयाबाई, अंबुबाई, सगळ्या सुपं मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, आणि मी वाचायची. वाचणारीच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या, असा त्यांचा कायदा. प्रत्येकीनं आपल्या सुपातली एक मूठ आईच्या सुपात टाकायची. मी मास्तरीण झाले तरी तो मोडला नाही. आई सत्तरीची झाली, तिची बोटं वळत नाहीत, तरी रविवारी तिचं सूप भरतं.

मी महिनाभर घसा बसलाय म्हणून टाळलं. आज जयाबाई घरी येऊन उभ्या राहिल्या. "घसा बसलाय तर बसू दे. पोरगी नावंत बसून पाण्यात हाय. तिला किती दिस ठेवणार तशी?"

ती पोरगी म्हणजे तू फेब्रुवारीत पाठवलेल्या कादंबरीतली येसू. नावाड्याची मुलगी, पुराच्या पाण्यात भावाला शोधायला एकटीच नाव काढते, तिथं माझी खूण होती.

मी गेले. पुस्तक उघडलं. पानं कापणाऱ्या कातऱ्या थांबल्या. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या आणि मी त्या पानाकडं. दर्शनी, ओळखीच्या माणसानं तोंड फिरवून उभं राहावं तसं पान दिसतं. मी मान वर केली आणि बोलायला लागले. येसूच्या नावेत पाणी शिरलं, तिनं परकराचा बोळा करून भोक बुजवलं, वाटेत बाभळीच्या शेंड्यावर शेळीचं एक शेरडू अडकलेलं होतं ते तिनं उचलून घेतलं. कुठून आलं हे सगळं, मला माहीत नाही. तास दीड तास बोलले. आईच्या सुपात मुठी पडत होत्या आणि प्रत्येक मुठीला मला वाटत होतं, मी चोरी करतेय.

पुढच्या रविवारी काय करू? तू तर ते पुस्तक पाठवताना लिहिलं होतंस, शेवट वाचून उशी भिजली म्हणून. मला दहा ओळींत सांग. येसूचं काय होतं? भाऊ सापडतो का? तेवढं कळलं तर मी निभावून नेईन.

तुझी
समता


पिरनवाडी
३-५-२०२४

समता,

येसू परत येते. नदी उतरते. भाऊ सापडतो. बाप आधी रागावतो, मग जवळ घेतो. शेवट गोड आहे. मी आनंदानं रडले होते.

मधलं तुला हवं तसं सांग. तुला जमेल.

दवाखाना कधी?

द.


निपाणी
१३ मे २०२४

प्रिय दर्शनी,

मी पकडले गेले.

काल येसूला परतीच्या वाटेला लावलं होतं. भाऊ सापडला, नावेत बसला. तुझ्या चार ओळींवर मी दोन रविवार काढले. काल मला जरा धीरही आला होता. मग अंबुबाई वर न बघता, हातातली विडी वळत म्हणाल्या, "समता, पान न्हाय उलटलंस."

मी म्हटलं, "अं?"

"सहा विड्या झाल्या की तुझं पान उलटतंय. पस्तीस वर्सं बघतोय. लई बारीक अक्षर असलं तर आठ. आज माझ्या चाळीस झाल्या."

जयाबाई म्हणाल्या, "गप की गं अंबू. विड्या मोजतीस का पानं मोजतीस?"

"हात मोजतोय. मी कुठं मोजतोय?"

मी म्हटलं, उन्हानं पानं चिकटलीत. अंबुबाईंनी सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, पुस्तक माझ्याकडून घेतलं. पानं फडाफडा सुटली. एकही चिकटलेलं नव्हतं. त्यांनी ते उघडंच माझ्या हातात परत दिलं. "सुटली बग. वाच." मी पुढं बोलायला लागले. या वेळी सहा सहा विड्यांचा अंदाज धरून पानं उलटत होते. सगळ्या ऐकत होत्या. नेहमीसारखं मध्येच "आगं बया" मात्र कुणी म्हटलं नाही.

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी आई थांबली. म्हणाली, "अंबूनं पुस्तक उलटं दिलतं."

मला कळेना.

"खालचा शेंडा वर करून दिलतं. मला वाचाय येत न्हाय, पर पुस्तकाचं डोकं कुठलं आन पाय कुठलं ते कळतंय. तू तसंच धरून वाचलीस. शेवटपतोर."

दर्शनी, आईनं माझा दंड धरला. तिच्या बोटांना तंबाखूचा वास येतो, लहानपणी तापात त्याच वासानं मला झोप लागायची. "कधीपास्नं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती दंड धरूनच चार पावलं चालली. मग म्हणाली, "आन त्यो येसूचा भाऊ? त्यो खरा का तुझा?" मी म्हटलं, खरा आहे, दर्शनीनं सांगितलंय. तेव्हा तिला बरं वाटलं.

दीपंकरला सांगू नको म्हणून मी तिच्या गळ्याची शपथ घातलीय. एकतीस तारखेला अठरा दिवस उरलेत. सकाळी डोळे उघडायची भीती वाटते. उघडले की कॅलेंडर समोर असतं.

आईनं आणि मी मिळून ठरवलंय, येत्या रविवारी येसूला घरी पोचवायची आणि पुस्तक बंद करायचं. मग बायकांना खरं सांगायचं. शेवट तरी खरा हवा. बाप तिला नदीकाठी भेटतो की घरी? पहिलं वाक्य काय बोलतो? तेवढं एकच वाक्य जसंच्या तसं उतरून पाठव. जोडाक्षर असलं तरी चालेल.

तुझी
समता


पिरनवाडी
१८-५-२०२४

समता,

मी खोटं बोलले. ती कादंबरी मी वाचलीच नाही. पहिली दहा पानं वाचली. शेवट बघितलाही नाही. येसू परत येते का, मला ठाऊक नाही.

करोना आला तिथपासून मी एकही कादंबरी पुरी केली नाही. तू पाठवायचीस, मी चाळायची, मग तुला लांब लिहायची. तुला खरं वाटायचं. आधी लाज वाटायची. मग सवय झाली.

माझे डोळे नीट आहेत. पण मन बसत नाही. हात फोनकडे जातो. तू जे हरवून बसलीस, ते माझं नुसतं पडून आहे.

रागाव. पण बोल.

द.


पिरनवाडी
२ जून २०२४

प्रिय समता,

पंधरा दिवस झाले, तुझं काही नाही. फोन केला तर आईंनी उचलला. "हाय. बरी हाय. कामात हाय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून कळलं, त्यांना माझं खोटंही ठाऊक आहे.

मला कल्पना आहे, त्या बारा-पंधरा ओळी वाचायला तुला दोन-तीन दिवस लागले असतील. बोट झिजवून तू काय वाचलंस, तर तुझी मैत्रीण वाचत नाही. मी ते पत्र बसमध्ये दिलं आणि स्टँडवरच बसून राहिले.

त्याच संध्याकाळी बेळगावच्या कॅम्पातल्या दुकानातून त्या कादंबरीची दुसरी प्रत आणली. तुला सांगते काय झालं, कारण याआधीची सगळी खोटी पत्रं मी फार छान लिहिली होती, आणि हे खरं आहे.

पहिल्या दिवशी दोन पानं. मध्ये चार वेळा फोन बघितला. दुसऱ्या दिवशी फोन तांदळाच्या डब्यात पुरला. स्वरूप म्हणाला, "मम्मी, तुझी काय एक्झाम हाय?" दोन पानं वाचून झाली की आधी काय वाचलं ते आठवेना. वाटलं, समताच्या डोक्यात जे एका सकाळी तुटलं, ते माझ्या डोक्यात चार-पाच वर्षं हळूहळू झिजत होतं की काय? तुझं तुला त्याच दिवशी कळलं. मला तर कळलंही नव्हतं. फॅक्टरीत दिवसभर कामगारांच्या पाळ्यांचे कागद बघते, वाटायचं, वाचतेच की.

पाचव्या दिवशी कणीक मळता मळता येसूचा विचार आला. आपसूक आला. नावेत पाणी शिरतं का गं खरंच? शिरतं. तू सांगितलंस तसंच. शेरडू मात्र पुस्तकात नाही. ते असायला हवं होतं. सातव्या दिवशी सकाळी स्टॉपवर उभी राहून वाचत होते, मच्छेला, फॅक्टरीकडे जाणाऱ्या दोन बस समोरून गेल्या. ऑफिसात बोलणी खाल्ली. मला इतकं बरं वाटलं की बोलणी खाताना हसू येत होतं.

शेवट सांगते. नाव परत येते. तीत कुणी नसतं. बाप ती धुतो, डांबर लावतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावेतून लोकांना पलीकडं सोडायला जातो. एवढंच. मी खरोखर रडले. चौदा दिवस लागले मला पुस्तक संपवायला.

आता दुसरं. हे पत्र मी मुद्दाम लांब लिहिलंय. अक्षर बारीक ठेवलंय आणि जोडाक्षरं ठासून भरलीत. बोटानं वाचायला गेलीस तर पावसाळा संपेल. म्हणून हे दीपंकर भावजींच्या हातात दे आणि वाचून दाखवा म्हण. कुणाला सांगणार नाही असं मी म्हटलं होतं, आणि मी सांगत नाहीये. पण भावजींना जर माझं म्हणणं वाचता आलं, तर त्यांना एवढंही कळेल: भावजी, हिला उद्याच्या उद्या मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. बी.पी.च्या नव्हे. बेळगावात मी नंबर लावून ठेवते.

समता, हे पत्र तू कपाटात टाकून देऊ शकतेस. ती भीती मला आहे. टाकलंस तर मला कधीच कळणार नाही, तू रागावून टाकलंस की भिऊन.

नऊ तारखेला, रविवारी, मी निपाणीला येते. जयाबाईंच्या सोप्यावर बसून शेवटची प्रकरणं वाचते. त्या बायकांसमोर वाचायचं म्हटल्यावर आत्ताच माझे तळवे ओले झालेत. नको असेन तर तसं लिही.

तुझी
दर्शनी


निपाणी
२२ जून २०२४

प्रिय दर्शनी,

तू इथं येऊन गेलीस, दवाखान्यातही दोन दिवस माझ्याबरोबर बसलीस, तरी काही गोष्टी तोंडानं सांगायच्या राहिल्या. त्या लिहिते.

तुझं पत्र मी एक दिवस कपाटात टाकलं होतं. पानभर बारीक अक्षर बघून मला कळलंच, तू काय केलंयस ते. इतका राग आला की तुझी जुनी पत्रं काढून जाळावीत असं वाटलं. मग लक्षात आलं, कुठली जुनी आणि कुठली नवी तेही मला ओळखता येणार नाही. दुसऱ्या संध्याकाळी दीपंकर चहा पीत होता, त्याच्या पुढ्यात पत्र ठेवलं. म्हटलं, मोठ्यानं वाच.

त्यानं वाचलं. तो चाचरत वाचतो, ठाऊक आहे तुला. "बोट झिजवून" पाशी थांबला आणि माझ्या बोटाकडं बघितलं. तांदळाच्या डब्यापाशी हसला. स्वतःचं नाव आलं तिथं त्याचा आवाज गेला. सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, "मी रोज दुपारी ऑफिसातून मेसेज करतोय. तू बघतीस, निळं होतंय, आणि उत्तर येत नाही. मला वाटलं, माझ्यावर डूख धरलीस." तीन महिने तो असं समजून माझ्याशेजारी झोपत होता. मला वाटत होतं, भिणारी मी एकटीच.

मी त्याला विचारलं, काय लिहायचास मेसेजमध्ये? तो म्हणाला, "काय नाही. जेवलीस का."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते तूही ऐकलंस. मेंदूच्या मागच्या बाजूला छोटी गुठळी होऊन गेली. लिहायची वाट शाबूत आहे, वाचायची तुटली. दुसरी गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर गोळ्या. बोटानं सराव करा, थोडं येईल, पहिल्यासारखं बहुतेक नाही. 'बहुतेक' म्हणताना त्या खिडकीकडं बघत होत्या. तू माझा हात दाबलास. तुला वाटलं, मी तो शब्द ऐकला नाही. ऐकला होता.

हेडसरांना मी स्वतः सांगितलं. ते खूप वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "हजेरी-बिजेरी दुसरं कोण तरी बघंल. तोंडानं आणि हातानं शिकवणं होतंय तोवर वर्ग तुमचा. वरून कोण तपासणीला आलं तर मात्र मला सांगता येणार न्हाय, बाई." म्हणजे नोकरी आहे आणि नाही. रोज फाटकातून आत जाताना एखादी परकी गाडी उभी आहे का बघते. उजवीकडं मान वळवून बघते, कारण तिकडची मला दिसत नाही.

आता सोप्यावरचं. तुझी कबुली वाचल्यावर मी येसूला नावेतच ठेवलं आणि मला वाचता येत नाही हे बायकांना सांगून टाकलं, ते तुला ठाऊक आहे. तू गेल्यावर बायका काय म्हणाल्या ते तुला सांगितलं नव्हतं. तू वाचत होतीस तेव्हा सगळ्या गप्प होत्या, डोळे पुसत होत्या, तुला वाटलं जिंकलं. तुझी बस गेली आणि अंबुबाई म्हणाल्या, "हिला कशाला बोलीवलंस? तू वाचत हुतीस तवा पोरगी भावाला घेऊन येत हुती. हिनं रिकामी नाव आणली." जयाबाई म्हणाल्या, "ती काय करंल? तितं तसंच लिवलंय." "लिवलंय तर लिवलंय. आन ते शेरडू? शेरडाचं काय झालं? त्ये बी बुडालं?" यावर दोन रविवार भांडण चाललंय. आईचं म्हणणं, दोन्ही खरं. अर्ध्या बायका बोलत नाहीत एकमेकींशी. पुढच्या महिन्यात तुला परत बोलावलंय, पण अंबुबाईंची अट आहे, आधी शेवट बघून ये आणि बरा असला तरच वाच. आणि तू फार भरभर वाचतेस. चार विड्यांत पान उलटतेस.

आणखी एक सांगायचंय. खरं तर हेच सांगायला बसले होते.

काल शाळेत चित्रांच्या पुस्तकांची नवी पेटी आली. सौम्या म्हणून एक मुलगी आहे वर्गात, पिरनवाडीहून बदलून आलेल्या एका शिपायाची. अक्षर दिसलं की ती पुस्तक मांडीखाली घालते आणि वर बसते. काल तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. मांडीखालचं पुस्तक काढलं. बारा पानांचं, प्रत्येक पानावर एक चित्र आणि एक ओळ. मी ते कधी वाचलेलं नव्हतं. दुसऱ्या बाईंकडून आधी वाचून घ्यायला हवं होतं, रोज तसंच करते, काल राहून गेलं. मला घाम फुटला. पण ती माझ्याकडं बघत होती.

मी तिचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं, शेजारी माझं. दोघींनी गिरवलं. 'दा'. मग 'र'. मग पुढचं. 'दार वाजलं.' चित्रात एक झोपडी, आत म्हातारी, बाहेर अंधार.

दुसरं पान. 'आजी उठली नाही.' तिसरं. 'दार परत वाजलं.' याला किती वेळ लागला असेल सांगता येत नाही. बाकीची पोरं मण्यांशी खेळत होती. सौम्या माझ्या मांडीला चिकटून बसली होती.

"बाई, भाईर कोण हाय?"

"मला ठाऊक नाही."

"बाईला ठाऊक नसतंय व्हय?"

"आज न्हाय."

तिनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं. मग हळूच विचारलं, "वाघ असंल काय?"

आणि दर्शनी, माझं काळीज धडधडायला लागलं. पहिल्यांदा वाटलं, परत काही होतंय, डोकं धरलं. तसं नव्हतं. मला त्या दाराची भीती वाटत होती. बाहेर कोण आहे ते मला खरंच माहीत नव्हतं, आणि कुणी सांगणार नव्हतं, पुढचं पान उलटल्याशिवाय कळणार नव्हतं. नऊ वर्षांची असताना सोप्यावर वाचता वाचता मी अशी भ्यायची आणि बायका म्हणायच्या, थांबू नको, पुढं वाच. गेले तीन महिने मी ज्या भीतीत राहते तिला उलटायला पान नव्हतं.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. पोरं ताटल्या घेऊन पळाली. वरणभाताचा वास आला. मी पुस्तक मिटायला गेले तर सौम्यानं पानात हात घातला. तिनंच पान उलटलं. तिनंच बोट ठेवलं. मी माझं शेजारी ठेवलं.

पहिलं अक्षर 'वा' होतं.

"वाघ," ती कुजबुजली आणि माझा पदर घट्ट धरला.

"थांब," मी म्हटलं. "पुढचं गिरव."

तुझी
समता